उसना अंगठा

भिंगबाईंनी त्याचा उजवा अंगठा ओल्या कापसानं पुसला, फडक्यानं टिपून कोरडा केला आणि टेबलावरच्या दिव्याची मान वाकवली. सरळ प्रकाशात कातडी गप्प बसते. प्रकाश तिरपा केला की बोलायला लागते. समोरचा माणूस खुर्चीच्या अगदी कडेला टेकला होता, जणू नीट बसलं तर खुर्चीचं काही बिघडेल.

"हात सैल सोडा," त्या म्हणाल्या.

"सोडलाय की."

"कुठं सोडलाय? दगड धरल्यासारखा आवळलाय."

"जन्मभर तेच धरलंय हो त्यांनी," मागच्या बाकावरून त्याची बायको म्हणाली. "परवा माझा हात धरला, तर मला वाटलं, आता मलाही घासून चकचकीत करतात."

"अगं, जरा गप्प राहा. सरकारी जागा आहे."

"सरकारी जागेत हसायला मनाई आहे का? तसा कागद अजून आला नाही."

तिच्या शेजारी बसलेल्या लेकीनं डोळे मिटून घेतले. ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि या दोघांना घेऊन कुठंही जायचं म्हणजे तिला परीक्षेपेक्षा जास्त घाम फुटायचा.

खोली होती ती राहण्याचे परवाने देणाऱ्या आणि काढून घेणाऱ्या कार्यालयाच्या तळमजल्यावर. भिंगबाई तिथल्या ठसेतज्ज्ञ. त्यांचं खरं नाव आता पगाराच्या चिठ्ठीपुरतं उरलं होतं. भिंग कायम गळ्यात, म्हणून शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना भिंगबाईच म्हणत. कॉलेजात त्या जीवशास्त्र शिकल्या होत्या. पुढं संशोधन करायचं राहून गेलं, पण हातात आलेल्या वस्तूकडे, तिच्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही असं समजून बघायची सवय मात्र टिकली.

समोरचा माणूस फरशा पॉलिश करायचा. तरुणपणी बायकोला घेऊन या देशात आला, तेव्हापासून हेच काम. मोठ्या दालनांतून यंत्र फिरतं. पण कोपरे, उंबरे आणि जिने हातानंच घासावे लागतात. आधी खरखरीत दगड, मग मधला, मग बारीक, आणि सगळा वेळ पाणी. हे तो उघड्या हातांनी करायचा. हातमोजा घातला की फरशी मुकी होते, असं त्याचं म्हणणं. फरशीबरोबर बोटंही गुळगुळीत होत गेली. प्लॅस्टिकच्या पिशवीचं तोंडसुद्धा त्याला उघडता यायचं नाही, बोटं नुसती घसरायची. मग तो न बोलता पिशवी बायकोपुढं धरायचा आणि ती न बोलता उघडून द्यायची.

लेक कडेवर होती, तेव्हा त्यांना परवाने नव्यानं करून घ्यायचे होते. ठसे घेणारी यंत्रं तेव्हा नुकतीच आली होती. त्याचा अंगठा यंत्राला काही केल्या वाचता येईना. शेवटी बायकोनं आपला अंगठा काचेवर ठेवला, हिरवा दिवा लागला आणि रांग पुढं सरकली. इतकी वर्षं ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. यंदा नव्या संगणकानं सगळे जुने ठसे एकमेकांशी ताडून पाहिले आणि दोन नावांखाली एकच अंगठा निघाला. घरी नोटीस गेली. परवाना फसवणुकीचा, निकाल लागेपर्यंत कामाला मनाई, निकाल विरुद्ध गेला तर तिघांनी देश सोडायचा. ज्या देशात परत जायचं, तो लेकीनं फक्त नकाशात पाहिला होता.

वकिलांनी त्यांना एकच वाट दाखवली होती. ज्याचा अंगठा यंत्राला वाचता येत नाही, त्याच्यासाठी तेव्हाच्या नियमांतही वेगळी सोय होती, आणि ती या माणसाला कुणी दिली नाही. म्हणजे चूक कार्यालयाची. फक्त अंगठा वाचता येत नाही, एवढं दाखवायचं होतं. आज ते दाखवायला तिघं आली होती.

भिंगबाई भिंगातून बघत राहिल्या. वाऱ्यानं वाळूवर उमटवाव्यात तशा बारीक लाटा अंगठ्याच्या मधोमध दिसत होत्या.

"काम कधीपासून बंद आहे?" त्यांनी विचारलं.

"कागद आला तेव्हापासून. सहा महिने हातावर हात ठेवून बसलोय. घरचीच फरशी घासायला काढली, तर हिनं दगड लपवून ठेवले. म्हणाली, आयती सुट्टी मिळालीय तर विश्रांती घ्या."

"वाईट सांगितलं का मी?" बायको म्हणाली.

भिंगबाईंनी यंत्र पुढं ओढलं. "ठेवा काचेवर."

त्यानं अंगठा ठेवला आणि सवयीनं तोंड फिरवलं. लाल दिवा बघायचा त्याला कंटाळा आला होता. यंत्रानं क्षणभर विचार केला. मग दिवा हिरवा झाला, आणि शेजारच्या पडद्यावर मधल्या एका टिंबाभोवती एक रेष फिरली, तिच्याभोवती दुसरी, तिच्याभोवती तिसरी, आणि बघता बघता पडदा भरून गेला.

"आला!" तो उठून उभाच राहिला. "अगं, आला बघ! माझा आहे हा!"

बायको धावत आली. "अय्या, चक्र आहे हो तुम्हाला! मी इतकी वर्षं समजत होते की शंख असेल."

"चक्र आहे! भाग्यवान असतात म्हणे चक्रवाले."

"बाबा," लेक बाकावरूनच म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "बाबा, हसू नका."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. पडद्यावरचं चक्र तसंच झळकत होतं. त्यानं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडे, आणि मग एखाद्या आगाऊ पाहुण्याला लपवावं तसा तो अंगठा मुठीत घेतला.

*

शेजारच्या खोलीत सुनावणी झाली. अध्यक्ष दुष्ट नव्हते. फायली वाचून यायचे, मधे कुणाला तोडायचे नाहीत, समोरच्याला पाणी हवं का विचारायचे. त्यामुळेच त्यांचं म्हणणं खोडणं अवघड जायचं.

"तुम्ही तुम्हीच आहात, याबद्दल वाद नाही," ते म्हणाले. "या बाई या बाईच आहेत, याबद्दलही नाही. प्रश्न एवढाच, की त्या दिवशी तुमच्या अंगठ्याच्या जागी यांचा अंगठा का आला? तुम्ही म्हणता, यंत्राला तुमचा वाचता येत नव्हता. आज तर पहिल्याच खेपेला वाचला."

"तेव्हा नव्हता वाचता येत, साहेब."

"मग आज कसा?"

"काम बंद आहे ना. म्हणून परत आला."

"म्हणजे आम्ही मनाई केली म्हणून तुमचा अंगठा परत आला, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"तुमचं नाव कशाला घेऊ, साहेब? कातडीनंच केलं."

कोपऱ्यातला टंकलेखक हसला आणि लगेच खोकला. अध्यक्षांनी भिंगबाईंकडे पाहिलं.

"रेषा कातडीच्या वरच्या थरात दिसतात, पण त्यांचं मूळ खाली असतं," भिंगबाई म्हणाल्या. "वरचा थर झिजला तर त्या दिसेनाशा होतात. घासणं थांबलं की महिना-दोन महिन्यांत खालून पुन्हा वर येतात. अशाच्या अशा."

"हे तुमचं मत."

"हे शास्त्र आहे, साहेब."

"असेल. पण ते सगळ्यांच्या कातडीबद्दल झालं. मला या एका माणसाच्या अंगठ्याबद्दल सांगा. खरंच इतका झिजतो का तो, की यंत्राला वाचता येऊ नये? तुम्ही पाहिलाय?"

भिंगबाईंना राग यायला हवा होता; पण प्रश्न चुकीचा नव्हता. त्यांच्या जुन्या प्राध्यापकांनीही हाच विचारला असता.

"नाही पाहिला," त्या म्हणाल्या.

अध्यक्षांनी पुढच्या महिन्यातली तारीख दिली. त्या दिवशी निकाल.

*

दुपारी भिंगबाई तळघरात गेल्या. हा माणूस देशात आला तेव्हा यंत्रं नव्हती. तेव्हा शाईनं घेतलेला ठसा तिथं कुठल्या तरी कपाटात असणार होता. तो मागायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. माणूस तोच आहे, याबद्दल वादच नव्हता ना.

पिवळं पडलेलं कार्ड त्यांनी वर आणलं, सकाळच्या ठशाशेजारी ठेवलं आणि भिंग डोळ्याला लावलं.

मधलं टिंब तेच होतं. त्याच्याभोवतीची पहिली रेष डावीकडे जराशी तुटलेली, तशीच तुटलेली. खाली एका रेषेचे दोन फाटे, तिथंच. वरच्या अंगाला दोन रेषांच्या मधे अडकलेला एक तुकडा, पाण्यातल्या बेटासारखा, तोही जागेवर. हे त्या शिकल्या होत्या, नव्या लोकांना शिकवतही होत्या. तरी त्यांचा हात थांबला. आईच्या पोटात, माणसाला अजून नाव नसताना, या रेषा पडतात. हा अंगठा या माणसानं जवळजवळ पाव शतक दगडावर घासला होता. किती वेळा कातडी झिजली, किती वेळा नवी आली, याचा हिशेब कोण ठेवणार? आणि सहा महिने निवांत मिळताच ते इवलंसं बेट आपल्या जागी येऊन बसलं होतं. न चुकता, न विसरता, आणि कुणी न सांगता.

बाहेर कर्मचाऱ्यांच्या दाराशेजारच्या बाकावर ती तिघं तारखेच्या शिक्क्यासाठी थांबली होती. त्या दारात एक आडवा दांडा होता. कर्मचाऱ्यानं काचेवर अंगठा टेकवला की तो वर जायचा. बायको मघापासून त्याचं वरखाली होणं बघत बसली होती.

"बाई, तुमचं बरं आहे," ती भिंगबाईंना म्हणाली. "टेकवला की उघडलं."

"जरा आत या," भिंगबाई म्हणाल्या.

त्यांनी दोन्ही ठसे त्याला दाखवले. भिंग कसं धरायचं ते सांगितलं, बेट दाखवलं. तो बराच वेळ वाकून बघत होता.

"हा पोरगा मीच?" शाईच्या ठशाकडे बोट करून त्यानं विचारलं.

"तुम्हीच."

"मला वाटायचं, याला मी कधीच पुसून टाकलंय."

"वरचं पुसलं जातं. खालचं नाही पुसता येत."

तो सरळ उभा राहिला. बायको त्याच्या पाठीशी होती, लेक दारात.

"आणि बाई," तो सावकाश म्हणाला, "परत घासला तर?"

भिंगबाईंनी दिव्याची मान सरळ केली. "मी तुम्हाला सल्ला देऊ शकत नाही. माझ्या नोकरीत ते बसत नाही. कातडीबद्दल काही विचारायचं असेल, तर तेवढं सांगू शकते."

"कातडीबद्दलच विचारतोय."

"तर पुन्हा जाईल. वरचं."

बायकोनं नवऱ्याचा हात हातात घेतला आणि अंगठा उलटा करून पाहिला. परत आलेली वस्तू पुन्हा कुणाला द्यायची असावी, तशी बघत होती.

"दगड माळ्यावर आहेत," ती म्हणाली. "जुन्या गाद्यांच्या मागं."

*

निकालाच्या आदल्या दिवशी अध्यक्षांनी भिंगबाईंना बोलावून घेतलं. एक तक्रार आली होती. मनाई असतानाही हा इसम राहत्या इमारतीत पॉलिशचं काम करतो.

"काम करत असेल तर निकालाचा प्रश्नच मिटला," ते म्हणाले. "पण कागदावर कुणी काहीही लिहितं. तुम्ही स्वतः बघून या. पैसे घेतो का, आणि हो, अंगठ्याचं काय झालंय."

इमारत जुनी होती, बाहेरून रंग उडालेली, दाराशी सायकली. भिंगबाईंनी पहिल्या पायरीवर पाऊल टाकलं आणि मागं घेतलं. त्यांनी चपला काढल्या.

जिन्याच्या वळणावरच्या खिडकीतून उजेड येत होता. तो वरच्या पायरीवर पडत होता, तिथून खालच्या, तिथून त्याच्याही खालच्या, आणि कुणी वरून संथपणे पाणी सोडलं असावं तसा पार दारापर्यंत उतरत होता. पायऱ्या कुठल्या तरी करड्या दगडाच्या होत्या. वर्षानुवर्षांचा मळ निघाल्यावर त्या दगडाच्या आत काहीतरी दिसत होतं. भिंगबाई वाकल्या, मग गुडघ्यांवर बसल्या, मग त्यांनी गळ्यातलं भिंग काढलं. शंख होते. नखाएवढे, काही त्याहून लहान. मधे टिंब आणि भोवती फिरत गेलेली रेघ. केव्हाच्या तरी समुद्राच्या तळाशी बसलेले जीव. त्यांच्यावर चिखल साचला, चिखलाचा दगड झाला, दगडाची पायरी झाली, आणि लोक भाजीच्या पिशव्या घेऊन त्यांच्यावरून चढत-उतरत राहिले. एकेका पायरीत असे कितीतरी. भिंगबाईंना मान वर करावीशी वाटेना.

"पडलात का?" वरून हाक आली.

"नाही. बघतेय."

तो वरच्या मजल्यावर, बारीक दगडाची दुसरी फेरी सुरू करून, पायरीशी बसला होता, बायको बादलीशी. दोघांचे हात कोपरापर्यंत करड्या लगद्यानं माखले होते.

"हे शंख तुम्हाला माहीत होते?"

"असतात अशा दगडात," तो म्हणाला. "घासलं की वर येतात. आपल्याला काही करावं लागत नाही, वरचा मळ तेवढा काढायचा."

"तक्रार आलीय," भिंगबाई म्हणाल्या. "तुम्ही काम करताय म्हणून."

"पहिल्या मजल्यावरचे काका," बायको लगेच म्हणाली. "त्यांच्या दारापुढची पायरी आधी केली नाही, म्हणून फुगलेत. अहो, मी म्हटलं होतं ना, त्यांची आधी करा!"

"जिना वरून खाली करतात का खालून वर, हे मला काका शिकवणार?"

"पैसे घेता का?"

"कुणाकडून?" बायकोनं ओला हात कमरेवर ठेवला. "आधी घरची फरशी झाली. ती संपली, तर अंगठा अर्धाच गेला होता. मग शेजारीण म्हणाली, माझी घ्या. मग समोरचे म्हणाले. मग जिना काढला. आपल्या घरची, आपल्या जिन्याची फरशी घासली तर ते काम झालं? असं असेल तर बाई, मी लग्न झाल्यापासून बेकायदा राबतेय."

भिंगबाईंनी हात पुढं केला. त्यानं आपला हात पुसून त्यांच्या हातात दिला. अंगठा नदीतल्या गोट्यासारखा झाला होता. तिरप्या उजेडात धरला, तरी काही बोलेना.

"किती वेळ घासावं लागतं, रेषा पुसट व्हायला?" त्यांनी विचारलं.

"कसं सांगू? तुमच्यासारखा मऊ हात असेल तर एका दुपारी."

त्यांनी पदर खोचला. "मला एक दगड द्या."

"अहो बाई, तुम्ही कशाला?"

"पाहिलंय का म्हणून साहेबांनी विचारलं होतं. तेव्हा नव्हतं पाहिलं."

त्यानं बारीक दगड निवडून दिला. पिशवीतून नवं फडकं काढायला गेला, तर पिशवीचं तोंड उघडेना. त्यानं न बोलता ती बायकोपुढं धरली.

घासणं सोपं नव्हतं. भिंगबाई जोर लावत होत्या आणि तो हसत होता.

"जोर नको. दगडाचं वजन पुरतं. आता थांबा. पाणी ओता, आणि बोटानं बघा. डोळे मिटा. मिटा हो, डोळ्यांना फार अक्कल असते, ते मधे मधे करतात."

त्यांनी डोळे मिटले. आयुष्यभर बोटं डोळ्यांनी वाचली होती. बोटांनी काही वाचायची ही पहिलीच वेळ. ओल्या दगडावर अंगठा सरकत गेला, गेला, आणि एका जागी काहीतरी किंचित अडलं.

"इथं," त्या म्हणाल्या.

"बरोबर. तिथं राहिलंय अजून," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदाच शाबासकी होती.

बायको शेजारी पाणी ओतत होती. कुणी न विचारता ती बोलायला लागली.

"त्या दिवशी पोरगी रडत होती. यांनी अंगठा ठेवला की तो माणूस म्हणायचा, पुन्हा. काच पुसायचा, पुन्हा. तो यंत्राकडेच बघत होता, आमच्याकडे नाही. मागं एक म्हातारे होते काठी टेकून, त्यांचे पाय कापत होते. सगळी रांग आमच्यामुळे अडलेली. मला लाज वाटली हो. यांना जे उघडता येत नाही ते मीच उघडून देते, पिशवी, डबा, पुडकं. मला वाटलं, हेही एक उघडायचंच आहे. ठेवला." तिनं पायरीवर पाणी ओतलं. "फसवणूक करताना माणसाला कळत असेल ना, आपण फसवणूक करतोय म्हणून? मला तेवढंसुद्धा कळलं नाही."

लेक कॉलेजातून आली तेव्हा तिघांनाही उठवत नव्हतं. तिनं कुणाला काही विचारलं नाही. पुस्तकांची पिशवी दारात ठेवली, बादलीतलं गढूळ पाणी ओतून दिलं आणि स्वच्छ भरून आणलं.

*

सकाळी पावणेदहाला कर्मचाऱ्यांच्या दाराशी नेहमीसारखी रांग होती. शेजारच्या बाकावर ती तिघं येऊन बसली होती. इस्त्रीचे कपडे, मांडीवर हात. भिंगबाईंनी त्यांच्याकडे पाहून मान हलवली आणि काचेवर अंगठा टेकवला.

लाल दिवा लागला.

त्यांनी अंगठा पदराला पुसला, पुन्हा टेकवला. लाल. बोटांची टोकं हुळहुळत होती, एवढं त्यांना सकाळी केस विंचरताना जाणवलं होतं. त्यांनी दुसऱ्या कोनातून ठेवून पाहिला. यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.

"काय झालं पुढं?" मागून कुणीतरी ओरडलं.

"अहो, चला की! मस्टर बंद होईल."

भिंगबाईंच्या मागं अध्यक्ष उभे होते, एका हातात फायलींची पिशवी, दुसऱ्यात डबा. त्यांच्या मागं म्हातारा शिपाई, छातीशी कागदांचा ढीग धरून, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत. अध्यक्षांनी एकदा मागं वळून त्याच्याकडे पाहिलं.

"थांबा बाई," ते म्हणाले. डबा बगलेत घेतला, भिंगबाईंच्या खांद्यावरून हात पुढं केला आणि आपला अंगठा काचेवर ठेवला. हिरवा दिवा लागला. दांडा वर गेला. "जा, जा. लोक खोळंबलेत."

भिंगबाई आत गेल्या. दांडा खाली आला.

अध्यक्षांनी पुन्हा अंगठा ठेवला, आता स्वतःसाठी. यंत्रानं तो ओळखला, नाव दाखवलं आणि त्याखाली लिहिलं, आपण आत आला आहात. दांडा हलला नाही.

त्यांनी पुन्हा ठेवला. आपण आत आला आहात.

मागची रांग कुरकुरत होती. भिंगबाई आतल्या बाजूला थांबल्या होत्या. बाकावरची बाई उठून उभी राहिली होती. कुणाचं तरी काहीतरी अडलेलं दिसलं की ती उठायचीच. मग आपल्याला इथं काही उघडून देता येणार नाही हे तिच्या ध्यानात आलं, आणि ती तशीच उभी राहिली.

अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी आपला अंगठा डोळ्यांसमोर धरला, जणू तो त्यांना कुणीतरी आत्ताच आणून दिला होता, आणि खिडकीकडे नेऊन उजेडात जरासा तिरपा केला.